राजधानीतली आपली खोली

एगिल्सस्तादिर,
१४ ऑक्टोबर

प्रिय आल्दिस,

तू बरी असशील. कोपनहेगनमध्ये झाडांवर अजून पानं असतील. इथे गेल्या आठवड्यातल्या वाऱ्याने बर्चची होती नव्हती तेवढी सगळी झाडून नेली. मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो काय, तुझ्या शाळेच्या दिवसांपासून कुरकुरतोय. मेंढ्या डोंगरावरून खाली आल्या. क्यार्तनच्या दोन सापडल्या नाहीत आणि त्याचं खापर तो माझ्यावर फोडतो, कारण या खेपेला गुडघ्यामुळे मी गोळा करायला गेलो नाही. जनावरांचा डॉक्टर निवृत्त झाला तरी लोक त्याला निवृत्त होऊ देत नाहीत.

अक्षर जाड आणि भलंमोठं दिसेल. लोकरीच्या पोत्यांवर नावं घालायचं पेन आहे हे. दुसरं हाताशी नव्हतं. तू म्हणशील, फोन का नाही केलास? फोनवर आपण दोघं हवापाण्याबद्दल बोलतो आणि ठेवून देतो. कागदावर निदान माणूस एक वाक्य पुरं करतो.

आधी अभिनंदन. उशिराच आहे. रेक्याविक विमानतळाच्या नव्या टर्मिनलसाठी तुमच्या ऑफिसचा आराखडा निवडला गेला आणि तो मुख्यतः तुझा आहे, हे मला शेजारच्या ओद्नीकडून कळलं. तिला कुठलीही बातमी पेपरच्या आधी कळते. तू फोनवर ‘एक मोठं काम मिळालंय’ म्हणाली होतीस, पण कुठलं ते सांगितलं नाहीस. का नाही सांगितलंस ते मला समजतं. त्या जुन्या टर्मिनलबद्दल मी काय बोलतो ते तुला तोंडपाठ आहे.

गाडी विकून टाकली. फारशी वापरात नव्हती. कुठे जायचं झालं तर ओद्नी सोडते, आणि तिच्या गाडीत बसलं की परमेश्वराची आठवणही होते.

आता मुद्द्याचं. पूर्वेकडच्या प्रवाशांनी एक गट केलाय. जुनं पाडून नवं बांधायचं, तर ज्यांना तिथून जावं-यावं लागतं त्यांचं म्हणणं कुणीतरी गोळा करावं आणि नोव्हेंबरच्या सभेत मांडावं, असं ठरलं. सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. सध्या मीच जास्त ये-जा करतो, महिन्यातून एकदा तरी. तिकडे कामं असतात.

तर विमान लागेपर्यंत मी तिथे बसलेल्यांना गाठतो. आयुष्यभर मुक्या जनावरांना ‘दुखतंय कुठे’ विचारलं. इथे सगळी बोलणारी, म्हणून काम सोपं वाटलं होतं. तसं ते नाही. माणसं आधी भलतंच काहीतरी बोलतात.

रेदारफ्योर्दुरच्या कारखान्यातला एक धिप्पाड गडी भेटला. त्याला फक्त चांगले संडास हवेत, बाकी छप्पर घातलं नाही तरी चालेल म्हणाला. मुलींचा एक फुटबॉल संघ होता. त्यांनी एकमुखाने सांगितलं की ही खोली आजच्या आज पाडा, इथे ओल्या मोज्यांचा वास येतो. मी म्हटलं, पोरींनो, मोजे तुमचेच आहेत. नेस्कौपस्तादुरची एक तरुण बाई होती, पोटात जुळं, म्हणून तिला बाळंतपणाच्या बऱ्याच आधी राजधानीत पाठवलेलं. तिला पाय वर करून बसता येईल अशी एक तरी जागा हवी होती. मग तिने एका खुर्चीवर बसून दुसरीवर पाय ठेवले आणि फुटबॉलवाल्या पोरी तिच्याभोवती जमिनीवर बसल्या. छत गळतं, ही तक्रार मात्र सगळ्यांची. दाराजवळची बादली आता पावसाळी बूट ठेवायची जागा आहे असं नव्या लोकांना वाटतं.

एक बाई नवऱ्याला घेऊन घरी निघाली होती. तो विमानाच्या पोटात, शवपेटीत. तिला मी काहीच विचारणार नव्हतो. तीच म्हणाली, “इथे मला कुणी काही विचारलं नाही, हे बरं झालं. सगळ्यांनी सरकून जागा केली फक्त.” हे मी सभेत कसं मांडू ते कळत नाही. तुला सांगून ठेवतो.

आणि तुझ्या आराखड्यात विमान सुटताना होणारा पुकारा नाही म्हणे. सगळं पडद्यांवर दिसणार आणि हॉल शांत राहणार. बऱ्याच जणांना हे पटत नाही. विचार कर.

तुला आठवतं का, तू लहान असताना आम्ही तुला तिथल्या सामानाच्या काट्यावर उभं करायचो? दर खेपेला. काउंटरवरचा माणूस गंभीर चेहरा करून तुझं वजन सांगायचा आणि तुझ्या मनगटाला सामानाची चिठ्ठी बांधायचा. एकदा वादळ आलं आणि दिवसभर एकही विमान सुटलं नाही. तुझ्या आईने पिशवीतून सुका मासा आणि लोणी काढलं, कुणीतरी मटणाच्या पोळ्या काढल्या, आणि संध्याकाळपर्यंत अर्धा पूर्व किनारा एकमेकांच्या डब्यातलं खात पत्ते कुटत होता. आई म्हणायची, या एवढ्या मोठ्या शहरात ही एकच खोली आपली आहे. बाहेर पडलं की कुणी ओळखत नाही, आत आलं की सगळे घरचे. शेवटच्या वर्षी उपचारांहून परतताना तर ती मुद्दाम लवकर निघायची. इस्पितळातून थेट तिथे यायची आणि कोट न काढता बसून राहायची. तिला घरी पोचल्यासारखं वाटायचं, आणि घर अजून एका विमानाच्या अंतरावर असायचं.

सभेत मी विरोधात बोलेन. हे तुझ्याविरुद्ध नाही. एवढं समजून घे.

जेवत जा वेळेवर.

तुझा,
बाबा



एगिल्सस्तादिर,
११ डिसेंबर

प्रिय आल्दिस,

बर्फ गुडघाभर आहे. तळं अजून गोठलेलं नाही. ओद्नीने नाताळच्या नक्षीच्या पापड्या केल्या आणि मला कातरकामाला बसवलं. मी कापलेल्या पापड्या तिने वेगळ्या डब्यात भरल्या. “या पाहुण्यांना नकोत,” म्हणाली. तुझी तब्येत कशी आहे? खोकला गेला का? सभेत तू दोनदा खोकलीस.

तुझं पत्र मंगळवारी आलं. वाचायला दोन दिवस लागले. का ते पुढे सांगतो.

आधी सभेचं. तुला वाटत असेल की मी पूर्ण बंडाच्या तयारीने आलो होतो. तसं नव्हतं. तू बोलत होतीस तेव्हा मी पहिल्या रांगेत होतो आणि मला तुझा अभिमान वाटत होता. तू अडखळली नाहीस, कुणाला हिणवलं नाहीस, आणि रेदारफ्योर्दुरच्या त्या गड्याला संडासांचा आकडा सांगितलास तेव्हा त्याने टाळ्या वाजवल्या. मग माझी पाळी आली. मी म्हणालो की हे टर्मिनल नाही, माशांची काचपेटी आहे, आणि आत शिरणाऱ्याला आपण कुठे आलो आणि कुणीकडे जायचं ते कळणार नाही. मागून कुणीतरी विचारलं, “बेर्गुर, चित्रं तरी बघितलीस का?” लोक हसले. मी म्हणालो, बघितली.

बघितली नव्हती, आल्दिस. भिंतीवर तू दाखवत होतीस ते मला एक उजेडाचं पांढरं फडकं दिसत होतं.

आता तुझ्या पत्रातलं ते वाक्य. मी ते इथे पुन्हा लिहितो, कारण ते भिंगाखाली धरून मी एकेक अक्षर उचललं आणि आता ते मला पाठ आहे. ‘सभेत विरोध केलास त्याचं मला काही वाटलं नाही. पण नंतर विमानतळावर कॉफीच्या खिडकीपाशी मी तुझी वाट बघत उभी होते. तू समोरून आलास, माझ्याकडे बघितलंस, आणि खांबाला वळसा घालून जावं तसा निघून गेलास. मी हात पुढे केला होता, बाबा.’

लाल कोट मला दिसला होता. कुणीतरी बाई रस्त्यात उभी आहे एवढं कळलं. तिला धक्का लागू नये म्हणून मी बाजूने गेलो. ती तू होतीस हे मला तुझ्या पत्रातून कळलं.

माझे डोळे जात आहेत. दीड वर्ष झालं. आधी उजवा गेला, आता डावाही त्याच वाटेवर आहे. पूर्ण अंधार होत नाही, होणारही नाही म्हणतात. फक्त मधोमध डाग धरतो. जिथे बघावं तेवढंच नाहीसं होतं आणि कडेकडेचं राहतं. डोंगरावर रेनडिअर उभं असलं तर मला सापडतं. ओद्नी टेबलापलीकडे बसली तर तिचे कान दिसतात, केस दिसतात, चेहरा नाही. म्हणून मी लोकांना चालण्यावरून आणि आवाजावरून ओळखतो. तू त्या दिवशी चालत नव्हतीस आणि बोललीही नाहीस. नुसता हात पुढे केलास.

महिन्याला रेक्याविकला जातो ते यासाठी. डाव्या डोळ्यात सुई देतात. ऐकायला वाटतं तितकं वाईट नाही. मी आयुष्यभर ज्यांना सुया टोचल्या त्यांनी मला फक्त लाथा घातल्या, मी निदान डॉक्टरांचे आभार मानतो. गाडी विकली तीही यामुळे. आणि पेनही यामुळे, दुकानात साध्या पेनांचा ढीग पडलाय.

तुला का नाही सांगितलं? आई गेल्यावर तू म्हणाली होतीस की बाबा, आता घर विक आणि माझ्याकडे चल. तेव्हा मी तुला हसलो होतो. आता सांगितलं असतं तर तू विचारलं नसतंस, सरळ सामान बांधायला आली असतीस. मग हे काम तुला मिळालं. मी म्हटलं, आता तर मुळीच नाही. पोरीने चांगली इमारत बांधावी, आंधळ्या बापाची सोय म्हणून बांधू नये. लोकांनीही म्हणू नये की तिने घरच्या माणसासाठी भिंती वाकवल्या.

पण मग मी सभेत गेलोच कशाला, असं तू विचारशील. ते मी स्वतःला बरेच दिवस विचारतोय. प्रवाशांचं म्हणणं होतंच, ते खोटं नव्हतं. जुळ्याची आई खरी, शवपेटीमागची बाई खरी, बादली तर खरीच. पण पुकाऱ्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. ‘बऱ्याच जणांना पटत नाही’ असं मी लिहिलं ते बरेच जण म्हणजे मी एकटा. पडदा मला वाचता येत नाही. आता त्या खोलीत दाराशी उभी राहणारी मुलगी ‘एगिल्सस्तादिरवाले, चला’ म्हणून ओरडते आणि मी उठतो. कुणाला काही कळत नाही. त्या खोलीत माझं बिंग फुटत नाही. काउंटरपाशी जमीन जरा उतरती आहे, कॉफी डावीकडे उकळते, बाहेरच्या दारातून घोट्यावर गार वारा येतो, आणि बाकी माणसं आपलीच, ती आपण होऊन बोलतात. तिथे मी डोळस माणूस आहे. ती पाडली की नसेन. मला एवढंच जपायचं होतं आणि मी त्याला पूर्व किनाऱ्याच्या जनतेचं मत असं नाव दिलं.

तरीही काचपेटी म्हणालो ते मागे घेत नाही. ती काचपेटीच आहे.

गेल्या आठवड्यात मी बसून आठवत होतो की तुझा चेहरा मला नीट असा शेवटचा कधी दिसला. दोन उन्हाळ्यांपूर्वी. तू इथे स्वयंपाकघरात ट्राउट मासा साफ करत होतीस, हात खवल्यांनी भरलेले, आणि केस मनगटाने मागे सारत होतीस. मी दारात उभा राहून म्हणालो, पित्ताची पिशवी फोडू नकोस, कडू होतं. तू म्हणालीस, माहीत आहे. मी निघून गेलो. माहीत असतं तर जरा आणखी उभा राहिलो असतो.

नाताळला आली नाहीस तरी चालेल. तुझं काम आहे. मी एकटा नसतो, ओद्नी आहे, क्यार्तन आहे. पण त्या दिवशी मी तुला टाळून गेलो नाही, एवढं खरं मान. आयुष्यात मी तुला कधी टाळलेलं नाही.

तुझा,
बाबा



एगिल्सस्तादिर,
२२ मार्च

आल्दिस बाळा,

थंडी ओसरतेय. मेंढ्या जड झाल्यात. क्यार्तन मला अधूनमधून गोठ्यात नेतो, कारण त्याला कुणाच्या पोटात एक आणि कुणाच्या पोटात तीन ते हाताने कळत नाही आणि मला अजून कळतं. तीनवाली निघाली की तो शिव्या घालतो. तिला जास्त खायला द्यावं लागतं.

हे पत्र का लिहितोय? आपण आता रविवारी फोनवर बोलतो आणि हवापाण्याच्या पुढेही जातो. पण जानेवारीत तू आलीस तेव्हाचं काही माझ्याकडे राहून गेलंय, आणि ते मला फोनवर जमत नाही. तू तिथे होतीस हे मला माहीत आहे. पण माझ्या बाजूने ते कसं होतं ते तुला माहीत नाही.

तू न सांगता दारात आलीस. मी बूट काढण्याच्या आवाजावरून ओळखलं. तू पूर्वीपासून एक बूट काढून दुसऱ्यात अडखळतेस. पहिला अर्धा तास तू मला नुसती झाडत होतीस. गाडी, गुडघा, पेन, एकेक थाप काढून माझ्यापुढे ठेवलीस. ओद्नीलाही सोडलं नाहीस, आणि ती बिचारी म्हणाली, “मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हा माझ्या घरी येऊन कपाटाशी ‘शुभ प्रभात’ म्हणाला होता.” मग तू हसलीस, आणि हसता हसता तुझं रडणं सुरू झालं. ते मला ऐकू आलं. एरवी माणूस दुसऱ्याचं रडणं बघून नजर वळवतो. मला कुठे बघावं तेच कळेना.

कोपनहेगनवरून आपण दोन दिवस भांडलो. मी येणार नाही म्हटल्यावर तू मला हट्टी बोकड म्हणालीस. ते बरोबर आहे. पण इथे मला कोपरे माहीत आहेत, आणि कोपऱ्यांना मी माहीत आहे. जेव्हा नाही जमणार तेव्हा मी स्वतः सांगेन. हे या खेपेला खरं आहे.

आणि मग तो सुईचा दिवस. तू माझ्याबरोबर विमानात होतीस, इस्पितळात होतीस, आणि परत येताना त्या जुन्या खोलीत विमानाची वाट बघत बसलो होतो. तू पिशवीतून एक जुना चष्मा काढलास, काचांच्या मधोमध मलम फासलंस आणि तो लावून उठलीस. मी म्हणालो, नको हे. तू ऐकलं नाहीस. तुझी पावलं मला ऐकू येत होती. आधी भराभर, मग हळू, मग थांबली. तू पुरुषांच्या संडासाच्या दारातून परत आलीस तेव्हा आत कुणीतरी ओरडलं, आणि सगळी खोली हसली. मीही हसलो. मग तू विमानांच्या वेळांच्या मोठ्या पडद्यासमोर जाऊन उभी राहिलीस. बराच वेळ. मला तुझी पाठ दिसत होती, कडेने बघितलं की पाठ दिसते. तू मान इकडे तिकडे करून बघत होतीस, अगदी मी करतो तशी. ते बघणं मला अवघड गेलं. आपल्या मुलीने आपल्यासारखं व्हावं असं प्रत्येक बापाला वाटतं. पण असं नाही.

परत येऊन बसलीस तेव्हा तू माझ्याबद्दल काही बोलली नाहीस. तू विचारलंस, “बाबा, नवऱ्याला घेऊन निघालेली ती बाई कुठे बसली होती?” मी दाखवलं. खिडकीखालचं लांब बाक, पूर्वी पार्सलं ठेवायचं, ज्यावर किती माणसं मावतात ते बसणाऱ्यांवर अवलंबून असतं. तू म्हणालीस, नव्या हॉलमध्ये सगळ्या एकेकट्या खुर्च्या आहेत, हातांच्या. कुणाला सरकताच येणार नाही. आणि मग तू विमान लागेपर्यंत गप्प होतीस. त्या गप्प राहण्यात राग नव्हता. काम चाललं होतं. तुझी आई अवघड विणकाम काढायची तेव्हा अशीच गप्प असायची.

फेब्रुवारीत तू मला तुमच्या ऑफिसच्या रेक्याविकमधल्या जागेत नेलंस आणि पुठ्ठ्याच्या प्रतिकृतीसमोर उभं केलंस. तुझ्याबरोबरचा तो तरुण म्हणाला की याला हात लावायचा नसतो, आणि तू त्याला कॉफी आणायला पाठवलंस. मी बाह्या सरसावल्या. अडलेल्या मेंढीच्या पोटात हात घालताना आधी काही शोधायचं नसतं, नुसतं थांबायचं असतं. मग आतलं आपोआप कळत जातं, हे डोकं, हे पाय. तसा मी थांबलो. मग तुझं दार सापडलं. दारापासून काउंटर, काउंटरपासून तो लांबलचक हॉल, आणि वर छप्पर, धावपट्टीच्या बाजूला उंच होत गेलेलं. मी बोट वर वर नेत राहिलो आणि ते संपेना. तू सभेत चित्रं दाखवलीस तेव्हा मला जे कळलं नव्हतं ते तेव्हा कळलं. ती पेटी नाही. कुणीतरी मान वर करून आकाशाकडे बघावं तसं आहे ते. तू हे लहानपणी करायचीस, काट्यावर उभी असताना, विमान आलं का बघायला.

आता मी काचपेटी हा शब्द मागे घेतो. लेखी.

तरी मी म्हटलंच की छप्पर फार उंच आहे, आवाज घुमेल, जरा खाली आण. तू म्हणालीस, “छप्पर खाली येणार नाही, बाबा. तू आणखी दहा सभा घे.” तुला वाटलं मी दुखावलो. मी इतका खूश कित्येक दिवसांत झालो नव्हतो. मला याचीच भीती होती ना, की तू माझ्यासाठी वाकशील. तू वाकली नाहीस. काचेच्या दारांना डोळ्यांच्या उंचीवर गडद पट्टा दिलास, जमिनीचा रंग भिंतीपेक्षा काळा केलास, त्याला कुणी नाही म्हणालं नाही. खुर्च्या काढून लांब बाकं घालायला मात्र तुला तुमच्या लोकांशी भांडावं लागलं हे मला त्या कॉफीवाल्या तरुणाने हळूच सांगितलं. आणि पुकारा राहणार. तुझ्या पत्रात तू लिहिलंस की तो माझ्यासाठी नाही, मलम लावलेल्या चष्म्यातून तुला स्वतःला विमान सापडलं नाही म्हणून. मला हे कारण आवडलं. मी गटाच्या बैठकीत तेच सांगितलं, आणि माझ्या डोळ्यांचंही सांगितलं.  मग क्यार्तन म्हणाला, “म्हणजे माझ्या दोन मेंढ्या तुझ्यामुळेच गेल्या.” त्यानंतर सगळं सोपं झालं.

डाव्या डोळ्याचं सांगतो, कारण आता लपवायचं नाही असं ठरलंय. सुया चालू आहेत, पण मागच्या खेपेला डॉक्टर बाई जरा जास्त प्रेमाने बोलल्या. मला जनावरांच्या मालकांशी मी असाच बोलायचो ते आठवलं. अजून वेळ आहे. किती ते त्या सांगत नाहीत आणि मी विचारत नाही.

जुन्या खोलीला मे महिन्यात कुलूप लागणार. लोक आत्तापासून तिथे फोटो काढतात. ज्यांनी आयुष्यभर तिला नावं ठेवली तेच जास्त काढतात. फुटबॉलवाल्या पोरी परवा पुन्हा भेटल्या. त्यांची कप्तान म्हणाली की नवी छान होईल, पण तिथे जमिनीवर बसलं तर कुणी ओरडेल का? मी म्हटलं, जी बांधतेय तिला विचारून सांगतो. तर सांग.

मला वाटलं होतं की ती पाडली की तुझी आई पुन्हा एकदा जाईल. कोट न काढता बसलेली आई मला फक्त तिथेच दिसते. हो, दिसते. ती नेहमी कडेला असते आणि कडेचं मला अजून चांगलं दिसतं. पण फेब्रुवारीत तुझ्या त्या पुठ्ठ्याच्या हॉलमध्ये बोट फिरवताना मी मनात विचारलं, स्टेनुन, तू कुठे बसशील? आणि खिडकीच्या बाजूची जागा लगेच सापडली. तेव्हा जाईल ते जाऊ दे. तू चांगलं बांधतेयस.

ईस्टरला तू येतेस. माझी सुई तू यायच्या आदल्या दिवशी आहे, म्हणून मी रेक्याविकलाच थांबतो आणि जुन्या खोलीत तुझी वाट बघतो. मग घरी बरोबर जाऊ. सुट्टीची गर्दी असेल, सगळ्यांचे कोट सारखे असतील. तू दारातून आत आलीस की मी वळून बघेपर्यंत थांबू नकोस, हात पुढे करून उभी राहू नकोस. लाजू नकोस, चारचौघांत मोठ्याने हाक मार. मी उठून येईन.

हाकेच्या वाटेवर डोळे नव्हे, कान लावून बसलेला,
तुझा बाबा